जुम्म्याच्या आदल्या दिवशीची गाडी

पौष सरत आला की आमच्याकडच्या रस्त्यांवरच्या बाभळी पांढऱ्या होतात. पूर्वी बैलगाड्यांतून आणि आता ट्रकांतून ठासून भरलेला कापूस जाताना काट्यांना थोडा थोडा अडकून राहतो. परवा सकाळी फिरायला निघालो तर अंबडच्या रस्त्याला तेच दृश्य. मी तिथंच उभा राहिलो. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला रस्त्यात उभं राहायला कारण लागत नाही. गुडघे दुखत असतील, असं लोक समजून घेतात. मी आपला काट्यावरचा कापूस पाहत होतो आणि मला सरकीचा तेलकट वास येत होता. जवळपास सरकी नव्हती, जिनिंगचा कारखाना नव्हता, काही नव्हतं. तरी वास येत होता.

कापसाचा हंगाम म्हटला की इतरांना भाव आठवतो, वेचणी आठवते. मला गाड्यांचं वाटप आठवतं. आता हे वाटप म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आनंदच होतो, कारण उभ्या आयुष्यात हे कुणी विचारलेलं नाही. लोक फलाटावर येतात, गाडी येते, लोक चढतात. आज हीच गाडी का आली, सहा डब्यांची का आली, दोनच डब्यांची का नाही आली, हे कुणाच्या मनात येत नाही. पावसासारखी गाडीही आपोआप येते असंच सगळ्यांना वाटत असतं. नोकरीला लागेपर्यंत मलाही तसंच वाटे.

ते संस्थानाचे दिवस. मी अंबडचा, शिकलो उर्दूत, घरी मराठी, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी जालना स्टेशनवर उमेदवार कारकून म्हणून चिकटलो. उमेदवार म्हणजे काम पूर्ण आणि भरवसा अर्धा. आमच्या खोलीत भिंतीवर संस्थानाच्या सरकारी फसली सालाचं कॅलेंडर होतं. घरी पौष चालू असायचा, कचेरीत इस्फंदार, आणि वरून येणाऱ्या छापील कागदांवर जानेवारी. एकाच थंडीला तीन नावं होती आणि तिन्ही नावांनी ती सारखीच वाजायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. ज्या कागदावर जे नाव असेल ते लिहायचं, एवढं मला कळत होतं. त्या काळी मी अचूकपणाचा फार शौकीन होतो. पेन्सिलीला टोक काढण्यात माझा हात धरणारं त्या स्टेशनावर कुणी नव्हतं.

स्टेशनमास्तर मिर्झासाहेब मूळचे बीदरकडचे. उंच, सडसडीत, दाढीला मेंदी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्यालाही आवाज खाली आणावा लागे. त्यांच्या खोलीत एक लाकडी पाटी होती. ती सरकारी नव्हे. त्यांनी स्वतः सुताराकडून करून घेतली होती. पाटीवर आडव्या सात ओळी, वारांच्या. प्रत्येक ओळीत भोकं, आणि भोकांत बोटाएवढ्या खुंट्या. तांबडी खुंटी म्हणजे इंजिन आणि पाच लाकडी डबे. पांढरी म्हणजे कापसाची मालगाडी. पिवळी म्हणजे रिकाम्या वाघिणींची, मालडब्यांची, गाडी. पहिल्या आठवड्यात मी ती पाटी पाहून विचारलं होतं, "साहेब, हा काय खेळ आहे?"

"खेलच है बाबू," ते म्हणाले. मग त्यांनी गुरुवारच्या ओळीतली एक तांबडी खुंटी उपसून माझ्या तळहातावर ठेवली. "अब बोलो, किसकू घर नहीं जाने देना?"

मी खुंटी हातात धरून उभा. त्यांनी समजावून सांगितलं ते आजही अंगावर काटा आणतं. इंजिनाला ठरावीक दिवसांनी अंघोळ लागते, म्हणजे त्याचा बॉयलर धुवावा लागतो, त्या दिवशी ते चालत नाही. गार्डाला विसावा लागतो. ड्रायव्हर सेलूला मुक्कामाला गेला तर परत आणावा लागतो. आपल्याकडचे पाच डबे म्हणजे आपलेच असं नाही, ते कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतून वजा होऊन आलेले असतात. जालन्यात एक खुंटी हलली की पूर्णेला दुसरी हलते, तिथली हलली की आणखी पुढं तिसरी. "एक डब्बा इधर का उधर हुआ," मिर्झासाहेब म्हणाले, "तो चार ठिकाने लोगां खड़े रह जाते." मी त्या दिवशी घरी जाताना फलाटावरच्या उभ्या डब्याला हात लावून पाहिला. रोज पाहत होतो तो डबा, पण त्या दिवशी मला तो एखाद्या अनोळखी मोठ्या माणसासारखा वाटला आणि मी हात काढून घेतला.

खालच्या पिढीला हे सांगावं लागतं की संस्थानात सुट्टी शुक्रवारची असे. कचेऱ्या, शाळा, कोर्टं जुम्म्याला बंद. स्टेशनाच्या पाठीमागचं जिनिंग एका मारवाडी शेठजींचं, ते पक्के जैन, पण सुट्टी तेही जुम्म्याचीच देत, कारण साऱ्या गावाचं चाक त्याच वारावर फिरे. गुरुवारी दुपारी भोंगा वाजला की जिनिंग रिकामं होई. संध्याकाळच्या परतूरच्या गाडीला फलाट भरून जाई. हंगामापुरत्या कामाला आलेल्या बायामाणसांनी आठवडाभर जालन्यात खोपटं करून राहायचं, गुरुवारी घरी जायचं आणि शनिवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं. ती गर्दी मी कधी विसरणार नाही. सगळ्यांच्या केसांत, भुवयांत, पापण्यांत कापूस. तरण्या पोरीसुद्धा पिकल्या केसांच्या दिसत. गाठोड्यात गूळ, फुटाणे, बांगड्या, एखादं टोपडं. बोलणं सगळं मोठ्यानं, कारण दिवसभर यंत्रांच्या घरघरीत ओरडून ओरडून त्यांना हळू बोलायचं विसरायला झालेलं असे.

त्या गर्दीत गयाबाई होती. पंचविशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. परतूरहून आष्टीच्या वाटेनं दोन कोस आत तिचं गाव. नवरा तिकडंच एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालानं होता आणि अकरा महिन्यांचं लेकरू तिच्या बहिणीपाशी. तिकिटाच्या खिडकीशी आली की ती मला लेकराची खबर दिल्याशिवाय हलत नसे. मागं रांग खोळंबलेली, आणि हिचं आपलं चाललेलं. रांगतंय आता. भाकरीचा कुटका धरून चोखतंय. मी तिकीट पुढं सरकवून म्हणायचो, "बरं बरं, पुढं चला." पण पुढच्या शनिवारी परत आल्यावर ती काय सांगणार याची मी वाट पाहत असे, हेही खरं.

एकदा मी विचारलं होतं, "सहा दिवस लेकराला सोडून राहता, ते ओळखतं का तुम्हाला?"

"वळखतंय की," ती म्हणाली. "पन लई बारीक हाये ओ ते. आठ दिस त्याच्या ध्यानात ऱ्हाते म्या. चवदा दिस न्हाई ऱ्हानार. माझ्या जावंचं तसंच झाल्तं. तिचं पोरगं तिला मावशी म्हनून राह्यलंय अजून."

हे ती हसत हसत म्हणाली होती. मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. आपल्या पाटीवरची तांबडी खुंटी कुणाच्या ध्यानात राहण्याचा प्रश्न आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याच हंगामात रेलमोटार आली. तिच्या येण्याचं वर्णन करायला माझ्याजवळचे शब्द आजही अपुरे पडतात. साय घोटल्यासारखा रंग, खाली चॉकलेटी पट्टा, काचेच्या खिडक्या, आणि इंजिन म्हणून काही वेगळं नाहीच. एकच लांबलचक डबा आपणहून रुळावरून धावत आला, भोंगा वाजवला आणि थांबला. फलाटावर अर्धं जालना लोटलं होतं. कुणी नारळ फोडला, कुणी हळदकुंकू लावलं. बदनापूरकडचे एक म्हातारे पाटील धोतर सावरत ओणवे झाले आणि भट्टी कुठं आहे ते खाली वाकून शोधू लागले. बराच वेळ शोधून ते उठले आणि कुणालाही न विचारता हात जोडून निघून गेले. गयाबाईनं पदर तोंडाशी धरला होता. "धूर न्हाई, शिट्टी न्हाई," ती म्हणाली. "मुक्या सुनंवानी आली की ओ दारात!" मी स्वतः तिच्या तकतकीत पत्र्यात माझं तोंड पाहून घेतलं. एवढी देखणी वस्तू आपल्या स्टेशनवर थांबते, म्हणजे आपणही कुणीतरी आहोत, असं त्या दिवशी माझ्यासकट सगळ्यांना वाटलं.

मोटारीत माणसं मावत पन्नासेक. दाटीवाटीनं साठ. मिर्झासाहेबांनी हिरव्या रंगाची एक नवी खुंटी करून घेतली आणि ती पाटीच्या कडेला नुसती ठेवून दिली. कोणत्या फेरीला मोटार द्यायची आणि कोणत्या फेरीचं इंजिन कापसासाठी मोकळं करायचं, हे वरून ठरायचं होतं. हंगामात इंजिनांची ओढाताण असे. गाठींनी भरलेल्या वाघिणी मनमाडच्या बाजूला न्यायला इंजिन पुरत नसे. म्हणून हिशेब सरळ होता. ज्या फेरीला माणसं कमी, तिला मोटार. जिला जास्त, तिला पाच डबे.

त्यासाठी एक छापील तक्ता भरून मागवला गेला. तो भरायचं काम माझ्याकडं आलं. तक्ता इंग्रजी हद्दीत कुठंतरी छापलेला होता, तिकडच्या रेल्वेसाठी केलेला, आणि तसाच आमच्याकडं आलेला. त्यात दोनच रकाने होते. एकात कामाच्या सहा दिवसांची सरासरी लिहायची. दुसऱ्यात रविवार. इंग्रजी हद्दीत सुट्टी रविवारची, म्हणून तो वेगळा. मी टोकदार पेन्सिल घेतली, महिन्याभराची तिकिटं तपासली, आणि अगदी चोख आकडे भरले. रविवारच्या रकान्यात रविवारची माणसं लिहिली. आमच्याकडं रविवार हा साधा कामाचा दिवस, गाडीत चिटपाखरू नसे. तोच छोटासा आकडा मी सुबक अक्षरात तिथं मांडला. आणि गुरुवारचा तो अफाट लोंढा बाकीच्या दिवसांत मिसळून सहांनी भागून टाकला. मिर्झासाहेब तेव्हा महिनाभराच्या रजेवर होते. मी सही करून कागद पाठवून दिला आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

आता पुढची गंमत पाहा. गंमत मी आज म्हणतो. वरच्या कचेरीत ज्या कुणी तो तक्ता वाचला तोही माझ्याइतकाच नेकीचा माणूस असणार. त्यानं पाहिलं की सुट्टीच्या रकान्यात माणसं अगदी थोडी आहेत. म्हणजे सुट्टीच्या फेरीला मोटार पुरेल. मग त्याला आठवलं असेल की अरे, संस्थानात सुट्टी जुम्म्याची असते. म्हणून त्यानं समजूतदारपणे मोटार दिली ती सुट्टीला जाण्यायेण्याच्या, म्हणजे गुरुवार संध्याकाळच्या आणि शनिवार पहाटेच्या, फेरीला. मी छापलेल्याशी प्रामाणिक राहिलो, तो रिवाजाशी प्रामाणिक राहिला, आणि दोघांनी मिळून सगळ्यांत भरलेल्या फेरीला सगळ्यांत लहान गाडी नेमून टाकली.

पहिल्या गुरुवारी मोटार फलाटाला लागली तेव्हा लोक आधी खूष झाले. मग त्यांनी माणसं मोजली. जी पुढं होती ती चढली, त्यांच्या मागची दारात लोंबकळली, गार्डानं त्यांना उतरवलं. मोटार निघून गेली आणि फलाट जसाच्या तसा भरलेला राहिला. ओरडा झाला नाही. ओरडा झाला असता तर बरं झालं असतं. कापूस माखलेली ती सगळी माणसं रुळाकडं पाहत उभी होती, जणू आणखी एक गाडी मागून येणारच आहे.

गयाबाई खिडकीशी आली. "बाबू, दुसरी कवा हाय?"

"दुसरी नाही. वरून हुकूम आलाय. आता गुरुवारी हीच."

"वरून म्हंजे कुठून?"

मी मान वर केली. खरंच वर पाहिलं मी, छपराकडं. मला हुकुमाचं कौतुकच इतकं होतं. एवढ्या थोर यंत्रणेनं काही ठरवलं असेल तर ते विचार करूनच, असं माझं मत होतं. गयाबाईनं माझ्याबरोबर छपराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, गाठोडं काखेत मारलं आणि ती खोपटाकडं परत गेली. गाठोड्यातून एका लाकडी खुळखुळ्याचा दांडा बाहेर आला होता. तो मला दिसला आणि मी नजर वळवली.

रविवारी मला उलगडा झाला. पाच डब्यांची गाडी इंजिनासकट झोकात निघाली. मी दिवा-बावटा घेऊन फलाटावर होतो. डब्यामागून डबा समोरून गेला. सात माणसं आणि एक शेळी. पाचव्या डब्याच्या खिडकीतून त्या शेळीनं माझ्याकडं पाहिलं, आणि देवाशपथ सांगतो, तक्त्यातले ते दोन रकाने माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. मी तिथंच पाण्याच्या नळाजवळ बसलो.

सोमवारी मिर्झासाहेब परतले. मी सगळं सांगितलं. नोकरी जाणार हे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी तक्त्याची नक्कल डोळ्यांजवळ नेऊन वाचली, पुन्हा वाचली. "बाबू," ते तसल्याच हळू आवाजात म्हणाले, "तुम जुम्मे कू इतवार बना दिए." मग नक्कल खाली ठेवून, "कागज़ तो बराबर भरा है. एक ग़लती नहीं." त्यांनी त्यातही माझ्या अक्षराचं कौतुक केलं, त्यामुळं मला जास्तच रडू आलं.

दुरुस्तीचं पत्र त्याच दिवशी गेलं. पण पत्राला उत्तर यायला आमच्याकडं पंधरवडा लागे. मंगळवार गेला, बुधवार गेला. बुधवारी गयाबाई जिनिंगमधून मुद्दाम आली. तिचा आवाज त्या दिवशी चक्क हळू होता. "उंद्या बी तीच मोटार हाय का, बाबू? तसं असलं तर म्या काम सोडून आताच चालत निघते. दोन दिसांत पोचंन. लेकरू इसरलं तर कामाचं काय करू म्या?"

"उद्यापर्यंत थांबा," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, कुणास ठाऊक.

गुरुवारी दुपारी भोंगा झाला. मिर्झासाहेब पाटीसमोर उभे होते. पाच डबे बाजूच्या रुळावर उभे होते, त्यांचं इंजिन कापूस घेऊन मनमाडच्या वाटेला लागलं होतं. डबे आहेत, इंजिन नाही. मिर्झासाहेबांनी गुरुवारच्या ओळीतल्या पिवळ्या खुंटीवर बोट ठेवलं. मनमाडकडून रिकाम्या वाघिणी त्या संध्याकाळी सेलूला कापूस भरायला जाणार होत्या. वाटेत जालना, पुढं परतूर. इंजिन तिथं होतं. फक्त ते माणसांसाठी नेमलेलं नव्हतं.

त्यांनी कंट्रोलचा, म्हणजे साऱ्या लाईनवरच्या गाड्या हलवणाऱ्या कचेरीचा, फोन उचलला. पलीकडं कोण होतं मला माहीत नाही, मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नाही. मिर्झासाहेब एवढंच बोलत होते: वाघिणींच्या मागं पाच डबे, परतूरपर्यंत. वजन इतकं. चढ आहे, पण रिकाम्या आहेत, ओढील. मग त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि ते माझ्याकडं वळले. "वो पूछ रहे, किसकी ग़लती करके लिखना?"

"माझी," मी म्हणालो, आणि माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, सांगितलं.

पुढचा तास मी जो पाहिला तो मला कुणा राजाच्या दरबारातही दिसला नसता. कंट्रोलवाला लाईनवरच्या एकेका स्टेशनला हाक मारू लागला आणि फोनमधून ते आम्हाला ऐकू येत होतं. एका स्टेशनवर कुणी सांधेवाला आपली मालगाडी आडमार्गाला घ्यायला तयार झाला. कुठं पाणी भरणारा थांबून राहिला. परतूरच्या मास्तरानं फलाटाला लांब गाडी लावण्याची सोय केली. सेलूहून कळलं की वाघिणी उशिरा आल्या तरी आम्ही रातोरात भरू. पंगतीत एक पाहुणा वाढला की शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांची पानं चार बोटं सरकतात, तसं ते होतं. त्यांतल्या एकालाही गयाबाईचं नाव माहीत नव्हतं, लेकराचं तर नाहीच. त्यांना एवढंच कळलं होतं की जालन्याला माणसं उभी आहेत. मिर्झासाहेब एकेक खुंटी उपसून नव्या भोकात बसवत होते आणि मी भिंतीला पाठ लावून नुसता पाहत होतो. आपण जिला वरची यंत्रणा म्हणून छपराकडं पाहत होतो, ती अशी जमिनीवर, एकेका माणसाच्या 'हो'वर उभी आहे, हे मला तेव्हा कळलं. त्या तासाचं माझं नवल अजून ओसरलेलं नाही.

संध्याकाळी मोटार आपले पन्नास लोक घेऊन गेली. तिच्या मागून वाघिणींची गाडी आली. खडखडत, फुंकारत, काळा धूर सोडत. डबे जोडले गेले. ती हळू जाणार होती, दीडाचे तीन तास लागणार होते. कुणाला त्याचं काही नव्हतं. माणसं चढली, गाठोडी चढली, कुणीतरी गाणं सुरू केलं. गयाबाई दारातून ओरडली, "बाबू, डोस्कं इंचरायलाबी येळ न्हाई घावला, तशीच चालले!" तिच्या केसांत मूठभर कापूस होता. गाडी वळणापलीकडं गेली तरी मिर्झासाहेब बावटा खाली करायला विसरले होते.

आता रूळ रुंद झाले. सणासुदीला जादा गाड्या सुटतात, त्यांच्या घोषणा तीन भाषांत होतात. लोक कपाळाला आठ्या घालतात, उशीर झाला म्हणतात. मी फलाटावरच्या बाकावर बसून ती घोषणा शेवटपर्यंत ऐकतो. कुठंतरी कुणीतरी खुंटी उपसली आहे आणि कुणासाठी तरी दुसऱ्या भोकात बसवली आहे. त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करायची मला सवय आहे. माझ्या सेवापुस्तकात त्या तक्त्याबद्दल लाल शाईचा शेरा पडला आणि तो निवृत्तीपर्यंत राहिला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण खरी शिक्षा मला त्याआधीच, त्या शनिवारी झाली होती.

त्या शनिवारी पहाटे मी खिडकीत बसून होतो. परतूरची गाडी आली. आदल्या दिवशी तारेनं हुकूम येऊन परतीलाही पाच डबे मिळाले होते. गयाबाई थेट माझ्याकडं आली. थंडीनं ओठ फुटलेले, पण तोंडभर हसू.

"वळखलं का?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"पैल्यांदा न्हाई. बहिनीच्या मागं दडलं. म्या हाक मारली तर भोकाड पसरलं. मंग म्या गप बसून राह्यले वसरीला. काय बोललेच न्हाई. दिस वर आला तवा आपूनच जवळ आलं, अन् माझ्या डोस्क्यातला कापूस उपसाया लागलं. येक येक. म्या दर खेपंला कापसाचं डोस्कं घिऊनच जाते न्हवं? तेच्यावरनं वळखलं बगा त्यानं. मंग असं बिलगलं, असं बिलगलं!"

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, सगळं नीट झालं. आपली चूक धुऊन निघाली.

"अन् चालतंय आता," गयाबाई म्हणाली.

"काय सांगता!"

"व्हय. मागल्या जुम्म्याला पैलं पाऊल टाकलं म्हनं. बहीन सांगून राह्यली." तिनं खिडकीच्या फळीवर दोन बोटं उभी केली. "असं उभं राह्यलं उखळीला धरून. मंग उखळी सोडली. मंग असं, असं..." आणि तिची बोटं फळीवरून माझ्याकडं दोन पावलं आली, लटपटली, आणि बसली. ती हसली.

मागचा जुम्मा. जो तिनं जालन्यात खोपटात काढला होता. मला खरं सांगायची गरज नव्हती. तिला काही ठाऊक नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. पण ती बोटं माझ्या पुढ्यात बसलेली होती.

"गयाबाई," मी म्हणालो, "मागल्या गुरुवारची तुमची गाडी वरून कुणी नेली नव्हती. कागद मी भरला होता. तो माझ्या हातून चुकला. माझ्यापायी तुम्ही राहिलात."

तिचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं. बोटं तशीच फळीवर होती, कातडी कापसानं खरखरीत झालेली, नखांत सरकीचा काळा मळ. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या मला चालल्या असत्या.

"मंग तुमी बी बघून घ्या," ती म्हणाली, आणि तिनं बोटं उचलून फळीच्या पलीकडच्या टोकाला परत उभी केली, आणि पहिल्यापासून पुन्हा चालवली, या खेपेला हळू.